ज्या स्टुलावर विकणारा बसत नव्हता

माझ्या धाकट्या दिरांनी अकरा वर्षं दारोदार ब्रश विकले. आता गेली सात वर्षं ते सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग घेतात आणि एकाच वर्गात दोन गोष्टी शिकवतात. एक, जाहिरातीतून समोरच्याचं मन कसं वळवायचं. दुसरी, गोष्ट कुणाच्या नजरेतून सांगायची. “जाहिरात म्हणजे दाराबाहेरून सांगितलेली गोष्ट, आणि गोष्ट म्हणजे दाराच्या आतून बघितलेली जाहिरात,” हे त्यांचं आवडतं वाक्य. जेवताना, दाढी करताना, गॅसचा नंबर लावतानासुद्धा ते हे म्हणतात. त्यातलं दार म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्याचं दार, एवढं मात्र कुणाला सांगत नाहीत.

कारण त्यांची परीक्षा माझ्या दारात होते. दर गुरुवारी चार वाजता एक विद्यार्थी येतो, बेल दाबतो आणि मला काहीतरी विकायला बघतो. भावोजी जिन्याच्या वळणावर वही घेऊन लपतात. लपतात म्हणजे त्यांचं पोट दिसतं, पण आम्ही सगळे दिसत नाही असं धरून चालतो. मी दहापैकी मार्क द्यायचे. मग विद्यार्थ्यानं घरी जाऊन तोच प्रसंग माझ्या बाजूनं लिहायचा, त्याचे मार्क भावोजी देतात.

मी सात वर्षांत एकदाही काही घेतलं नाही. “वहिनींसारखं नाही म्हणणारं माणूस मला अकरा वर्षांत भेटलं नाही, देवाची कृपा,” असं भावोजी वर्गात सांगतात. आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमान आहे. एका मुलानं मला आठ दात पडलेला कंगवा विकायला आणला होता. वेळ वाचतो, म्हणाला. नंतर त्यानं माझ्या बाजूनं लिहिलं, ‘माझे हात साबणानं भरलेले होते आणि दारातला मुलगा मला वेळ वाचवण्याचे फायदे सांगत माझी दहा मिनिटं खात होता.’ विकण्यात त्याला दोन मिळाले, लिहिण्यात नऊ. भावोजी तो कागद पाकिटात ठेवून हिंडतात.

तर त्या गुरुवारी चारला पाच कमी असताना बेल वाजली. दारात पन्नाशीच्या आसपासचा माणूस, घामाघूम, बगलेत दोन पायऱ्यांचं घडीचं स्टूल, आणि मागे पुठ्ठ्याच्या दोन बंद खोक्यांचा भारा. वयाचं मला नवल वाटलं नाही. भावोजींच्या वर्गात दोन नर्सबाई आहेत, एक शिंपी आहे आणि निवृत्त झालेले एक पोस्टमास्तरही आहेत.

तो माणूस खरा विक्रेता होता, हे मी आत्ताच सांगून टाकते. पंधरा दिवसांत त्याचं एकही स्टूल गेलं नव्हतं, आणि आज संध्याकाळपर्यंत एक तरी गेलं नाही तर उद्यापासून येऊ नका, असं त्याला सकाळीच बजावलं होतं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी आपली दाराला टेकून परीक्षकाच्या तोऱ्यात उभी.

“नमस्कार ताई. आमच्या कंपनीचं हे स्टूल उत्तम दर्जाच्या पोलादाचं असून तीन सेकंदांत उघडतं आणि तीन सेकंदांत मिटतं.”

“मिटलेलंच बरं दिसतंय,” मी म्हटलं.

“दीडशे किलो वजन पेलतं.”

“आमच्या घरात एवढं कोणी नाही. म्हणजे, अजून तरी नाही.”

तो हसला नाही. पाठ केलेलं पुढे म्हणत राहिला. गंज लागत नाही, पाय घसरत नाहीत, हमी पाच वर्षांची. मध्येच त्याला धाप लागली. मला कसंसंच झालं.

“अहो, जरा टेका की. हातात स्टूलच आहे तुमच्या.”

“नाही ताई. कंपनीचा माल आहे. त्याच्यावर बसायची आम्हाला परवानगी नाही.”

मी मनात म्हटलं, वा, काय बारकावा आणलाय गड्यानं! आणि तिथल्या तिथे निकाल लावला.

“हे बघा, दहापैकी तीन. दोन नम्रपणाचे, एक जिने चढून आल्याचा.”

तो गोंधळला. “तीन काय, ताई?”

“मार्क. तुम्ही मघापासून स्टुलाबद्दल बोलताय. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. सर वळणावरून ऐकतायत, त्यांनाच विचारा.”

त्यानं मागे वळून रिकाम्या जिन्याकडे पाहिलं. मग सावकाश विचारलं, “पास व्हायला किती लागतात?”

“पाच.”

“ताई, मी खरंच कंपनीचा माणूस आहे हो.”

“सगळे असंच म्हणतात,” मी म्हटलं. तसा नियमच आहे, विद्यार्थी असल्याचं कबूल करायचं नाही. “मागचे पोस्टमास्तर तर शपथ घ्यायला निघाले होते.”

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. धाकट्या नर्सबाई हातात गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन वर आल्या आणि मागून भावोजी, धापा टाकत. “वहिनी, उशीर झाला, यांची ड्यूटी लांबली,” म्हणता म्हणता ते थांबले. त्यांनी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं. उजव्या बुटाची टाच एका बाजूनं पार झिजली होती, डावी धड होती.

“हे माझे विद्यार्थी नाहीत, वहिनी,” ते हळूच म्हणाले. “ही टाच एका हातानं ओझं वाहणाऱ्याची आहे. माझी अकरा वर्षं अशीच होती.”

मला वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं. खऱ्या माणसाला, त्याच्या पोटापाण्याच्या कामात, मी दहापैकी तीन दिले होते! तेही ऐटीत. मग त्यानं संध्याकाळपर्यंतच्या मुदतीची गोष्ट सांगितली. तक्रार म्हणून नाही, नुसती माहिती द्यावी तशी.

“घेते मी,” मी म्हटलं. “आत्ताच्या आत्ता घेते. पर्स आणते.”

“थांबा वहिनी.” भावोजींनी हात आडवा केला. “लाजेनं घेताय ना? आठ दिवसांत माल परत करता येतो की नाही, पाहुणे?”

“येतो. आणि परत आला तर विकला असं धरत नाहीत.”

“आणि दादा?” भावोजींनी माझ्याकडे पाहिलं.

आमचे हे घरात आलेली प्रत्येक वस्तू परत करतात. चादर, घड्याळ, पंखा, एकदा तर भेट आलेला फुलदाणीचा जोड देणाऱ्याच्याच घरी नेऊन दिला. मी लाजेखातर घेतलेल्या स्टुलाची बाजू त्यांच्यापुढे दोन मिनिटं तरी मांडू शकले असते का?

“एका बाईंनी दया येऊन माझ्याकडून ब्रश घेतला होता,” भावोजी म्हणाले. “दुसऱ्या दिवशी त्यांच्या यजमानांनी तो मला भर रस्त्यात परत केला. ब्रशाचं काही नाही हो, पण नंतर सहा महिने मी त्या गल्लीतून गेलो नाही.” मग ते पायरीवर बसले, वही उघडली आणि वर्गातल्यासारखा आवाज लावला. “पाहुणे, आता हेच पुन्हा सांगा. पण दारातून नको. आतून सांगा. तुम्ही आमच्या वहिनी आहात.”

“मी?”

“तुम्हीच. मिशी विसरा.”

नर्सबाई पिशवी तोंडावर धरून हसायला लागल्या. तो माणूस घुटमळला, घसा खाकरला.

“मी... मी दार उघडते. दारात एक घामट माणूस उभा आहे. मला वाटतं, हा कधी जाईल?”

“बरोबर!” मी म्हटलं. राहवलंच नाही.

“मी दाराला टेकून उभी आहे, पण सगळा भार उजव्या पायावर आहे. डाव्या गुडघ्यावर अधूनमधून हात जातोय.” तो थांबला. मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली. “माझ्या स्वयंपाकघरात माळ्याखाली एक बादली उलटी ठेवलेली आहे. बादलीवर जाडजूड पुस्तक. म्हणजे मी त्याच्यावर चढते. एकदा पडलेही असेन. घरात उंच माणूस आहे, पण त्याला पाच वेळा सांगावं लागतं. म्हणून मी सांगतच नाही.”

पुस्तक म्हणजे माझा कॉलेजमधला शब्दकोश होता. आणि पडल्याचं मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

“हे सगळं दिसलं होतं तुम्हाला?” भावोजींनी विचारलं.

“दार उघडल्याबरोबर.”

“मग बोलला का नाहीत?”

“गिऱ्हाइकाच्या घरातलं बोलायचं नाही, मालाचं बोलायचं, असं शिकवलंय.”

“आणि मालावर बसायचं नाही, असंही शिकवलंय,” भावोजी उखडले. “अहो, ज्या स्टुलावर विकणारा बसत नाही, त्याच्यावर घेणारा चढेल कशाला? बसा आधी!”

तो बसला. कसा, तर परीक्षेला बसल्यासारखा. मी पाणी दिलं. मग आम्ही सगळे स्वयंपाकघरात गेलो, त्यानं बादली बाजूला सारली, स्टूल उघडलं (तीन नाही, चांगले सात सेकंद लागले) आणि वर चढून माळ्यात डोकं घातलं.

“ताई, इथे एक किटली आहे.”

“आमच्याकडे किटली आहे?”

“दोन आहेत. आणि... हे फार जड आहे हो.” त्यानं आतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी ओढलं. दोन डंबेल्स निघाले. कोरे करकरीत, किमतीची चिठ्ठी तशीच. त्यांच्याखाली एक पातळ पुस्तक, ‘एका महिन्यात बासरी’.

भावोजींनी ते उलटसुलट करून पाहिलं. “दादाचं हे?”

“त्यांचंच. एवढं मात्र परत केलं नाही,” मी म्हटलं. “बासरी कुठंय?”

“दिसत नाही,” वरून आवाज आला. “पण कोपऱ्यात एक लांबट डबी आहे.”

मग मी स्वतः स्टुलावर चढले. दोन पायऱ्या, गुडघा कुरकुरला नाही. वरून मला माझं स्वयंपाकघर पहिल्यांदाच नीट दिसलं. फ्रिजच्या डोक्यावरची धूळ, खिडकीच्या चौकटीवर विसरलेला चमचा, आणि खाली माना वर करून उभी असलेली तीन माणसं. इथून मी नेहमी अशी दिसत असणार, मान वर, काहीतरी हवं असलेली.

“घेतलं,” मी म्हटलं. “लाजेनं नाही.”

त्यानं नवीन खोकं पुढे केलं. मी म्हटलं, हेच द्या, तुम्ही बसलात ते. तो म्हणाला, मग पुढच्या घरी काय दाखवू? भावोजी म्हणाले, दुसरं उघडा, आणि आधी त्याच्यावर बसा.

नर्सबाईंनी त्या दिवशी पिशवी विकायचा प्रयत्नच केला नाही. “आज वहिनींचा हात सैल सुटलाय, ही काही खरी परीक्षा नाही,” म्हणाल्या आणि पुढचा गुरुवार मागून घेतला.

संध्याकाळी हे आले. स्टूल पाहिलं, तोंड उघडलं. मी दोन्ही डंबेल्स स्टुलाच्या वरच्या पायरीवर ठेवले, खालच्या पायरीवर बासरीचं पुस्तक. यांनी तोंड मिटलं. स्टुलापेक्षा लवकर मिटलं, तीन सेकंदांच्या आतच.

नवव्या दिवशी बेल वाजली. गुरुवार नव्हता. दारात तोच माणूस, बगलेत स्टूल.

“परत आलं नाही ना, ताई?”

“नाही. आमचे हे त्याच्यावर बसूनच बासरी वाजवतात. ऐकवत नाही, पण स्टूल मजबूत आहे.”

“माझं काम चालू आहे,” तो म्हणाला. “चार गेली.” मग जरा लाजत विचारलं, “आता किती देता?”

“आठ.”

“दोन कशाचे कापलेत?”

“अजून उभे आहात त्याचे.”

त्यानं दारातच स्टूल उघडलं आणि ऐसपैस बसला. जिन्याच्या वळणावरून आवाज आला, “वहिनी, दया म्हणून तर नाही ना दिलेत?”

गुरुवार नसतानाही वळणावर पोट दिसत होतं.

“नाही,” मी म्हटलं.

“मग ठीक आहे,” पोट म्हणालं, आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.