उंबराची फांदी

दुर्गाबाईंची चौतीस वर्षं सरकारी कचेरीच्या आवक-जावक टेबलावर गेली. तिथे तोंडी बोलण्याला कवडीची किंमत नव्हती. निवृत्तीनंतर बिबवेवाडीच्या बंगलीत त्या एकट्याच राहत, पण सवय सुटली नाही. दूधवाल्यालासुद्धा चिठ्ठी लिहीत.

म्हणूनच शेजारच्या बापूरावांच्या उंबराची फांदी मोडून गच्चीवरच्या सोलरवर पडली, तेव्हा कुंपणाशी जाऊन हाक मारायची सोडून बाईंनी वकिलाची नोटीस रजिस्टर पोस्टाने धाडली. दहा पावलांवरच्या माणसाला! बापूरावही खमके.

"पोस्टमनला त्रास कशाला दिलात? आपण आला असतात तर चहा मिळाला असता," एवढं कुंपणावरून सुनावून त्यांनीही वकील गाठला. त्या दिवसापासून त्यांच्याकडून येणारा कढीपत्ताही बंद झाला.

दावा सहा वर्षं रेंगाळला. बाईंना भरपाई नकोच होती. बापूरावांनी एकदा कुंपणाशी येऊन "चुकलं" म्हणावं, एवढाच त्यांचा हट्ट. असलं काही दाव्यात मागता येत नाही, हे कचेरीत जन्म काढलेल्या बाईंना कळू नये, याला काय म्हणावं? तारखेला दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसत. त्या दिवशी बाई इस्त्रीची साडी नेसत. महिना-दीड महिन्यात कोणाशेजारी बसायचा तेवढाच प्रसंग यायचा.

गेल्या श्रावणात बापूराव वारले. प्रतिवादीच्या घरी कसं जायचं, म्हणून बाई गेल्या नाहीत. खिडकीतून बघत राहिल्या आणि एकट्याच रडल्या.

बापूरावांच्या मुलाचा, अभिनवचा बंगळुरूहून फोन आला. "काकू, तुमच्याकडच्या सगळ्या फांद्या काढून टाका. परमिशन मी घेतलीये. मला केस क्लोज करायचीये फक्त." कोर्टात तडजोड झाली. बाई जिंकल्या म्हणायच्या.

गुरुवारी फांद्या तोडणारे आले. त्यांच्यातला योगेश नारळ घेऊन कुंपणाशी अडून बसला. "दत्ताचं झाड हाय. माफी मागितल्याबिगर आम्ही हात लावत न्हाय. घरचं कोण हाय?"

बापूरावांच्या बंगल्याला कुलूप होतं. बाईंनी नारळ हातात घेतला.

"चुकलं हो, बापूराव," त्या म्हणाल्या.

"मावशी, झाडाची मागायचीय."

"त्याचीही मागते."

करवत सुरू झाली, तरी बाई कुंपणापाशीच उभ्या राहिल्या.