गाशे वुबिशेतच्या फोनची नवी काच

गाशे वुबिशेतला सरकारनं बंगला बांधून दिला, ही बातमी आमच्या गल्लीत सकाळच्या पहिल्या कॉफीबरोबर आली. दुसऱ्या वाफाळत्या कपापर्यंत बंगल्याची मोटार झाली आणि तिसऱ्याला मोटारीचा नवाकोरा फोन. अदिस अबाबात बातमी कपागणिक अशी बारीक होत जाते. शेवटी खरं निघालं ते इतकंच, की त्याच्या जुन्याच फोनची तडकलेली काच कुणीतरी बदलून दिली होती.

कुणीतरी म्हणजे चौकीतल्या साहेबांनी. ‘जरा तपासायचाय’ म्हणून त्यांनी फोन तीन दिवस ठेवून घेतला. चौथ्या दिवशी परत दिला तेव्हा काच लखलखीत आणि बॅटरी काठोकाठ भरलेली. वुबिशेतचा फोन पूर्ण चार्ज झालेला त्याआधी कुणी पाहिला नव्हता. संशयाला आणखी काय लागतं?

फोन त्याचा, पण आतली माणसं आमची होती. मयताला धावून जाणाऱ्या आमच्या मंडळाचा, एदिरचा, वुबिशेत हा दवंडीवाला. वीसेक वर्षं पहाटे कर्णा फुंकत फिरला. मग पुढचे दात पडले आणि हातात फोन आला. कर्ण्यात त्याच्या बायकोनं, झेनेबेचनं, लाकडी पळ्या खोचल्या. दोनशे बारा घरांची यादी त्या फोनमध्ये होती. कोण कुठल्या दारात राहतं, कुणाचा मुलगा कुठल्या देशात आहे, कोण गेलं तर आधी कुणाला कळवायचं, सगळं. दफनानंतर दुखवट्याच्या तंबूत तो त्याच यादीवरून हजेरी घ्यायचा, ती अशा थाटात, की एखादे दिवशी नुकतं पुरलेलं मयतही ‘हजर’ म्हणेल असं वाटावं.

“काच झकास बसवलीय हो गाशे,” समोरची अत्सेदे म्हणाली. “आतही काही बसवलंय का?”

“मला काय ठाऊक? हिरवं बटण कुठलं ते तूच शिकवलंस ना मला!”

वुबिशेत फोन घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाल्यानं फोन हातात न घेताच सांगितलं, “आत काही असलं तर मला दिसणार नाही. आणि दिसलं तर मी सांगणार नाही.” मग झेनेबेचनं फोन शिरोच्या पिठाच्या डब्यात कोंबला. “बसू दे ऐकत पीठ!” पण फोन डब्यात कोंबून काय उपयोग? यादी थोडीच डब्यात परत येणार होती?

पंधरवड्यात दोन माणसं एमामा बेलायनेशच्या दारी आली. म्हातारी ऐंशीच्या पुढची. तिचा मुलगा परदेशातल्या रेडिओवर सरकारला चार शब्द सुनावतो. मुलगा शेवटचा कधी बोलला आणि किती मिनिटं, हे त्या दोघांनी तिलाच सांगितलं. त्या दिवसापासून तिनं मुलाचा फोन उचलणं सोडलं. फोन वाजायचा आणि ती शेजारी बसून तो थांबेपर्यंत रडायची. वुबिशेत तिच्याकडे गेला आणि उंबऱ्यातच टेकला. “तुझी चूक नाही रे,” ती म्हणाली, “पण मी गेले की माणसं मात्र आण. एकटीला नेऊ नकोस.”

दोन महिन्यांत ती गेली. वुबिशेतनं फोनवरून निरोप धाडला. एदिरच्या ग्रुपमध्ये तोवर अकरा जण उरले होते, त्यातले दोघे तो स्वतः आणि झेनेबेच. बाकीच्यांना एकेक करून फोन लावले. त्याचं नाव पडद्यावर दिसलं की लोक फोन उशीखाली सारत. आम्हीही सारला, खोटं कशाला बोलू?

मग त्यानं पळ्या काढून ओट्यावर ठेवल्या आणि पहाटे कर्णा घेऊन निघाला. दात नसल्यानं सूर कसला, नुसती हवा फुसफुसायची. “गाढवाला दमा झालाय वाटतं,” अत्सेदे खिडकीतून म्हणाली. म्हणाली खरी, पण पांढरी नेतेला शाल डोक्यावर ओढून तीच पहिली बाहेर पडली. कोपऱ्याकोपऱ्यावर तो दम खात थांबायचा आणि घोगऱ्या आवाजात ओरडायचा, “एमामा बेलायनेश गेली हो! या!”

दोनशे बारा घरांतून चाळीसेक माणसं आली. पूर्वी एवढी तर नुसता तंबू उभारायलाच लागायची. चाळिसातही कित्येकांनी तोंडावर पदर घेतलेले. चौकीतला चामड्याच्या जाकिटातला माणूसही आला आणि तंबूच्या खांबाला टेकून फोन समोर धरून उभा राहिला. दफन उरकून सगळे तंबूत परतले. रिवाजाप्रमाणे आता हजेरी व्हायची. वुबिशेत उठला, घसा खाकरला, समोर पाहिलं. चाळीस माना खाली गेल्या. अत्सेदेनं तर हात जोडले. कुणाचं नाव घेणार? तो तोंड उघडं ठेवूनच खाली बसला.

जाकिटवाला जवळ आला. “काय बाबा, आज हजेरी नाही?”

वुबिशेतनं फोन काढून नवी काच बाहीनं पुसली आणि त्याच्यापुढे धरला.

“यादी तुमच्याकडेच आहे, साहेब. हजेरी तुम्हीच घ्या. फक्त कोण आलं नाही तेवढं मला सांगा, म्हणजे घाबरून घरात बसलेल्यांना जाऊन सांगतो, की म्हातारी एकटी गेली नाही.”