मावसाजींचा फोन

दार म्हणजे ढकलायचीच वस्तू, असं मानणाऱ्या माणसांत आमच्या मावसाजींचा, म्हणजे मावशीच्या यजमानांचा, नंबर पहिला. बेल नावाची चीज त्यांना मान्यच नव्हती. उमरेडहून एसटी पकडायची, हुडकेश्वरला उतरायचं आणि पिशवीभर तुरीच्या शेंगा घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात उगवायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. बरं, आले म्हणून जागेवर बसतील तर शपथ! पातेल्यांची झाकणं उचलून पाहतील, भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतील, मी साठीला आलो तरी डोक्यावर टपली मारून विचारतील, "काहून गा, पोट वाढवून राहिला?" पायाला नुसती भिंगरी. त्यांना पाहूनच मला धाप लागायची.

सून आली आणि पंचाईत झाली. ती घरूनच ऑफिसचं काम करते. एकदा ती कॅमेऱ्यासमोर साहेबांशी बोलत होती, तर मावसाजींनी तिच्या मागून वाकून साहेबांना रामराम घातला आणि त्यांचं गाव विचारलं. संध्याकाळी ती त्यांना गोडीनंच म्हणाली, "आबाजी, येण्याआधी एक फोन करत जा ना, म्हणजे मी मोकळी राहीन." आमच्या वेळी वडीलधाऱ्यांना असं सांगायची कोणाची छाती नव्हती. आम्ही तोंडावर हसायचो आणि ते गेले की कुरकुरायचो. हिनं निदान तोंडावर सांगितलं. मावसाजी नुसतं "बरं" म्हणाले.

पुढच्या खेपेला मी बाजारातून आलो, तर हे फाटकाबाहेर भर उन्हात उभे. फाटक सताड उघडं.

"आत काहून नाही गेले?"

"पोरीनं फोन नाही उचलला. तिले काम असन."

अर्धा तास उभे होते. मला त्यांचा रागही आला आणि माझी मलाच लाजही वाटली. सून तर रडकुंडीला आली.

आता दर रविवारी फोन येतो. "येऊ काय वं?" ती म्हणते, "या ना आबाजी, विचारता काय?" "बरं, पाहतो," म्हणून ठेवतात. येत मात्र नाहीत.

परवा न राहवून मावशीला विचारलं, तब्येत तर बरी आहे ना? ती म्हणाली, "त्याईले काय धाड भरली? रविवारी सकाळीच धोतर नेसून, टोपी घालून तयार राहतात. मग फोन लावतात. ती 'या' म्हणते. मग म्हणतात, विचारून जा लागते, म्हणजे घर परक्याचं झालं. अन् कपडे बदलतात."

सुनेला हे मी अजून सांगितलेलं नाही. शनिवार उजाडला, की उद्याच्या फोनच्या विचारानं मीच घरभर येरझाऱ्या घालतो.