सव्वीसच्या आकड्यावरची बकरी

“सरासरी सव्वीस येऊन राह्यली, पाहिजे पंचवीस. मग सही काऊन अडली?”

ठेकेदार ओरडत होता. नालवाडीत आमची काँक्रीट तपासायची लॅब आहे. त्याचा आवाज थेट आष्टीपर्यंत गेला असणार. बरंच झालं, कारण काम त्याच तालुक्यातल्या एका गावात होतं: शाळेला लागून पाण्याची टाकी. आठ खांब उभे झाले होते. इंजिनिअर मॅडमची सही झाली की वर टाकी ओतायची.

त्या खांबांच्या काँक्रीटचे चाळीस ठोकळे मी मशीनमध्ये दाबून फोडले होते. एकेक असा फुटला की शेजारच्या म्हशींनी आठवडाभर सरळ दहीच दिलं. यात अतिशयोक्ती नाही. दही आंबट होतं, मी खाल्लंय.

मॅडम नोकरीत नव्या, बोलणं हळू. त्यांनी खडू घेऊन अंगणातल्या भिंतीवर, खालच्या अंगाला, सोळापासून छत्तीसपर्यंत आकडे लिहिले. “भाऊ, जो ठोकळा जितक्या दाबावर फुटला, तो त्या आकड्यासमोर रचा. काँक्रीट एकसारखं असेल तर मधे एकच टेकडी होईल.”

मी रचले. संध्याकाळी माझी उंची दोन इंच कमी भरली. बायको साक्षीला आहे.

टेकड्या दोन झाल्या. एक अठरावर, एक चौतीसवर. सव्वीससमोर एकही ठोकळा नाही. तिथे शेजाऱ्यांची बकरी सावलीला बसली होती.

“ही तुमची सरासरी,” मॅडम म्हणाल्या.

ठेकेदाराने बकरीकडे पाहिलं. बकरीनेही त्याच्याकडे पाहिलं, पण जास्त वेळ नाही.

“दोन्ही ढीग सरकव नं मधात,” तो मला म्हणाला. “जागा तर हाय.”

प्रत्येक ठोकळ्यावर लाल रंगाने खांबाचा नंबर घातलेला असतो. अठराच्या टेकडीतले मी उलटेपालटे करून पाहिले. सगळे पाच ते आठ नंबरचे.

“पाचव्या खांबापासून काय बदललं?” मॅडमनी विचारलं.

ठेकेदाराचा आवाज एकदम माणसाएवढा झाला. “पाणी मोजाची बादली फुटलती. नवी आणाले वर्ध्याले कोण जाते, म्हणून पाइपच सोडला मिक्सरमधी. पाण्यानं काय होते मॅडम, टाकीत पाणीच तर भराचं हाय.”

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहून तो त्याच्यापुढे धरला. त्याने वाचला, पुन्हा वाचला.

“चारही पाडाचे?”

“हो. शाळेला सुट्टी आहे तोवर.”