बोटं हलवून बघा

ज्याच्या मुखाकडे मान वर करण्याआधी पायांशी बसावे लागते, त्या सर्वसाक्षी परमेश्वराला प्रथम दोन हात जोडतो आणि मग सरळ चपलांच्या दुकानात शिरतो. कारण आजची कथा ज्यांची, ते गृहस्थ त्या दुकानात तेहतीस वर्षे लोकांच्या पायांशीच बसून होते. बुटके स्टूल, कानावर पेन्सिल, हातात लाकडी मापपट्टी. गिऱ्हाईक दारात आले की मालक म्हणत "या", आणि हे म्हणत "सात". गिऱ्हाईक अचंब्याने बसे, आणि पायात नेमका सात नंबरच बसे. म्हणून सारी गल्ली त्यांना मापकाका म्हणू लागली.

मापकाकांची दृष्टी जन्मभर जमिनीपासून वीतभर उंचीवर राहिली. घरी येऊन सांगत, "आज डावी टाच झिजवणारे भेटले होते, तुझी चौकशी करत होते." काकूंनी समजून घ्यायचे की बँकेचे मॅनेजर भेटले.

अशा या सत्पुरुषाच्या हाती एके दिवशी कॅमेरा आला. एक जुने गिऱ्हाईक गाव सोडून चालले होते. जाताना प्रेमाने आपला रोलचा कॅमेरा यांच्या गळ्यात घालून गेले. देणाऱ्याचा हेतू निर्मळ होता. परिणाम मात्र एका निष्पाप कुटुंबाने भोगले.

फोटो काढायचा म्हणजे मापकाका दुकानातले जुने स्टूल आणून त्यावर बसत. सगळ्यांना रांगेत उभे करत. टाचा जुळवून घेत. इतर फोटोग्राफर अशा वेळी "हसा" म्हणतात, यांच्या तोंडून दुकानातल्या सवयीने निघे, "बोटं हलवून बघा!" सारे कुटुंब आज्ञेप्रमाणे पायाची बोटे हलवी. ती नीट हलतात की नाही हे पाहायला काकांची नजर खाली जाई, नजरेमागे हात जाई, हातामागे कॅमेरा जाई, आणि त्याच पवित्र क्षणी खटका दाबला जाई.

पहिला रोल धुऊन आला तेव्हा स्टुडिओवाल्याने छत्तीस फोटो दोनदा चाळले आणि नम्रपणे विचारले, "काका, माणसं दुसऱ्या रोलमध्ये आहेत का?"

लेकीच्या लग्नाचा फोटो घ्या. बावीस पावले स्वच्छ दिसतात. व्याही कमरेशी संपतात. काकू एकदा चिडून म्हणाल्या, "अहो, एवढ्या वर्षांत माझं डोकं एकदा तरी आलं का फोटोत?"

"आलं की," काका म्हणाले. "पलंगाखाली चप्पल शोधायला वाकली होतीस तेव्हा."

पण एक गोष्ट मानली पाहिजे. काकांनी एकही फोटो टाकला नाही. प्रत्येकाच्या मागे बारीक अक्षरात लिहून ठेवले: 'लेक, वय चार, लहान मुलांचे माप आठ. घसरगुंडीवरून पडली, रडली नाही.' 'सौ., माप पाच. नवी चप्पल फार आवडली म्हणाली.' आणि हे सारे भांडार बुटांच्या खोक्यांत भरून माळ्यावर ठेवले. मूर्ती भंगली तरी भक्ताला ती फेकवत नाही, तसे.

आता त्या माउलीकडे वळू, जिच्यासाठी ही कथा सांगायची. मापकाका तीन वर्षांचे असताना आई गेली. वाढवले ते आत्याने. पोराच्या उजव्या पायाचा अंगठा असा वर उभा, की जणू वर्गात सतत हात वर करून बसला आहे. नवा मोजा चार दिवस टिकत नसे, खिळा घुसावा तसे भोक पडे. रोज संध्याकाळी आत्याची हाक यायची, "खिळ्या! आण इकडे तो मोजा!" या नावाने त्यांना जगात दुसऱ्या कोणी कधी हाक मारली नाही.

गेल्या वर्षी आत्या आजारी पडल्या. उठल्या, काठी घेऊन चालू लागल्या, बोलणे पूर्वीसारखे खणखणीत झाले. पण माणसे हरवली. चेहरे परके झाले, आवाजही परके झाले. डॉक्टर म्हणाले, "ओळख परत येईल, नाहीतर येणारही नाही." मापकाकांनी त्यांना आपल्या घरी आणले. रोज सकाळी स्वतःच्या हाताने चहा नेऊन समोर ठेवत. आत्या कप उचलून म्हणत, "छान आहे तुमचं हॉटेल. पोऱ्या नाही ठेवला? या वयात तुम्हालाच वाढावं लागतं?"

"सध्या मीच आहे," काका म्हणत, आणि रिकामा कप घेऊन स्वयंपाकघरात बराच वेळ धूत बसत.

त्यांना दुसरे काही नको होते. आत्याच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "खिळ्या" ऐकायचे होते.

एका रविवारी लेक आणि जावई आले. लेकीने मोठा अल्बम करून आणला होता. पानभर एकेक हसरा चेहरा, खाली ठळक अक्षरात नाते. ती टाचा उचलून चवड्यांवर उभी राहिली आणि आत्यांच्या खांद्यावरून पाने उलटू लागली. आत्यांनी सगळी पाने मन लावून पाहिली.

"गोड माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे उतरलेली?"

"आत्याआजी, हे बघा ना! खाली काय लिहिलंय?"

"'भाचा'," आत्यांनी वाचले, फोटो निरखला आणि समोर पाहिले. "हे? हे इथले वाढपी. कोणाचे भाचे असतील बिचारे."

लेकीचे डोळे भरले. काकूंना रडणे सहन होत नाही. त्यांनी लगेच कामे वाटायला घेतली. "पुरे झालं. अहो, माळ्यावरची ती खोकी काढा. आत्यांची ट्रंक ठेवायला जागा नाही. तो पायांचा कारखाना आज भंगारात जाऊ दे."

काकांनी शिडी आणली. ज्या फोटोंनी आत्याला माणसे परत मिळायची नाहीत, ते कोणत्या तोंडाने राखायचे? शिडीवर चढून त्यांनी पहिले खोके उचलले, आणि त्याचा कुजलेला तळ सुटला. तीस वर्षांची पावले भुरभुर करत आत्यांच्या खुर्चीभोवती येऊन पडली.

आत्यांनी काठीने एक फोटो पुढे ओढला. उचलला. डोळ्यांजवळ नेला.

"अगं बाई! ही बघ, टाचा उचलून उभी. हिला जन्मापासून उंच व्हायची घाई!" त्यांची नजर खाली गेली, लेकीच्या पावलांवर थांबली. "आणि तू अजून तशीच उभी राहतेस? बस खाली. पोटऱ्या दुखतील."

जावयाने दुसरा फोटो पुढे केला.

"ही आमची सून. खोटं बोलताना डाव्या पायानं उजवा दाबते."

जावयाने फोटो उलटा करून मोठ्याने वाचला. मागे लिहिले होते: 'नवी चप्पल फार आवडली म्हणाली.'

"आवडली नव्हती?" त्यांनी शिडीवरूनच विचारले.

"आवडली होती की," काकू म्हणाल्या. सगळ्यांनी खाली पाहिले. डावा पाय उजव्यावर होता.

अहाहा! जिथे मुखाची ओळख थकली, तिथे चरणांनी साक्ष दिली! आत्या एकेक फोटो उचलत होत्या आणि घर एकेक माणसाने भरत होते. मापकाका शिडीवरून उतरले. त्यांनी खुर्चीजवळ जाऊन विचारले, "आणि आत्या, यात मी?"

लेकीने घाईघाईने आणखी फोटो चाळले, पण व्यर्थ. कारण तीस वर्षे खटका दाबणारा त्या तीस वर्षांत कुठेच नव्हता. जो सर्वांना पाहतो, तोच कोणाला दिसत नाही. परमेश्वराला हे शोभते, मापकाकांना सोसत नव्हते.

"तुम्ही कशाला असाल यात?" आत्या मायेने म्हणाल्या. "ही आमची घरची माणसं. तुमच्या घरचे फोटो वेगळे असतील ना?"

काका हसले. हसू टिकेना म्हणून बुटक्या स्टुलावर बसले आणि मान खाली घालून फोटो गोळा करू लागले. एक फोटो खुर्चीखाली सरकला होता. तो काढायला त्यांनी उजवा पाय लांब केला.

"अहो, मोजा!" काकू ओरडल्या. "पुन्हा फाटला! जावयासमोर तरी..."

मोज्यातून अंगठा ताठ बाहेर आला होता, हात वर करून. काका घाईने पाय मागे घेऊ लागले. तोच त्यांच्या नडगीवर काठी येऊन पडली.

"हलू नकोस!" आत्या गरजल्या. "परवाच शिवला होता ना? मेल्या खिळ्या, तुला मोजे घालू की पत्र्याचा डबा? आण सुईदोरा!"

तेहतीस वर्षे दुसऱ्यांना "बोटं हलवून बघा" म्हणणारा माणूस असा निश्चल बसला, की श्वासाचीसुद्धा हालचाल होईना. लेकीने सुई ओवून दिली. मोजा काढून घ्या, असे जावई म्हणाले, तेव्हा काकांनी डोळ्यांनीच त्यांना गप्प केले. पाय दूर गेला आणि ओळख गेली तर? आत्यांनी पाय मांडीवर घेऊन शिवायला सुरुवात केली. मध्येच मान वर करून काकांच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"तुम्ही जरा बाजूला व्हा हो. उजेड अडतो," त्या म्हणाल्या. पुन्हा खाली पाहिले. "खिळ्या, तू बस."

मापकाकांनी पाय तिथेच ठेवला आणि कमरेपासून वर जमेल तेवढे बाजूला झाले.

काकूंनी कॅमेरा उचलला. फोटो काढणे त्यांना कधीच येत नव्हते. पण ऐकून ऐकून एक मंत्र पाठ होता. "बोटं हलवून बघा!" अंगठा हलला. खटका दाबला गेला. फोटो धुऊन आला तेव्हा त्यात दोन पिकली पावले, एक मोजा, एक सुई आणि एक हललेला, धूसर अंगठा होता. डोके एकही नव्हते. तो दिवाणखान्यात लागला.

खोकी माळ्यावर परत गेली. ट्रंक पलंगाखाली ठेवली. आता सकाळी मापकाका चहा नेतात तेव्हा दारातून आधी उजवा पाय आत येतो, मग कप, आणि शेवटी वाढपी. "आलास खिळ्या?" आत्या विचारतात. काही दिवशी विचारत नाहीत. त्या दिवशी ते पाय तसाच पुढे ठेवून थांबतात.

नवे मोजे मात्र आताशा चार दिवसही टिकत नाहीत. रोज सकाळी अंगठ्याच्या जागी नेमके भोक पडलेले असते, तेही कात्रीने कापावे इतके सरळ. काकांनी एकदा काकूंना विचारले.

"मला काय माहीत? तुमचा अंगठाच तसला," काकू म्हणाल्या, आणि डाव्या पायाने उजवा घट्ट दाबून उभ्या राहिल्या.