मेनू कार्ड न मिळालेला माणूस

काल हॉटेलात वेटरने मेनू कार्ड फक्त बायकोपुढे ठेवलं. माझ्यापुढे नुसता पाण्याचा ग्लास.

"साहेबांना मसाला डोसाच ना?" हेही त्याने तिलाच विचारलं.

बावीस वर्षं मी इथे डोसाच खातोय, हे खरं. पण मर्जीचा असा चारचौघांत पंचनामा झाला की स्वाभिमान नावाची फुटकळ वस्तू जागी होते. छाती फुगवून मी म्हणालो, "आज उत्तप्पा."

"मग डोसा मला द्या," बायको म्हणाली. तिला डोसा आवडत नाही.

माणसाला म्हणे इच्छास्वातंत्र्य असतं. माझ्या वाट्याला आलेलं जाडजूड होतं, वर कांदा होता आणि ते दुसऱ्याच घासाला नकोसं झालं. मी डोशाकडे बघतोय हे मला कळायच्या आत तिने प्लेटी बदलल्या. चेहऱ्यावर विजयसुद्धा नव्हता. सर्वज्ञ परमेश्वराची मला कीवच आली. त्याला असली कोट्यवधी माणसं पाठ असणार.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"तुमच्यात कळायला आहे काय?" असं म्हणून ती मन लावून खाऊ लागली.

उत्तप्पा तिला इतका आवडतो, हे मला बावीस वर्षांत ठाऊक नव्हतं.