नावं ठेवणाऱ्या जाऊबाई

सुमनताई गेल्या त्या सकाळी मी त्यांच्यासाठी मुगाचं कढण ढवळत होते. मोठ्या दिरांनी आतून नुसतं "उषा" म्हटलं आणि मला कळलं. महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, सुटल्या बिचाऱ्या. मला राग येतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर अंगात ताकद यावी म्हणून मी माझ्या या मोठ्या जाऊबाईंना तारनाक्याला माझ्या घरी आणलं होतं, सुटायला नव्हे.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत मला टायफॉईड झाला. तेव्हा आम्ही सगळे काचीगुड्यात एकत्र राहत होतो. ताईंनी दीड महिना माझं सगळं केलं. मी नवी सून. पेज दिली की पेज, कढण दिलं की कढण, वर "छान झालंय" म्हणायचे. ताप उतरला, डॉक्टर खूश, पण ताई मान हलवायच्या. ही अजून नावं ठेवत नाही, म्हणजे बरी नाही, असं घरात सांगायच्या. एका दुपारी माझा संयम सुटला. ही पेज गुरंसुद्धा तोंडात घेणार नाहीत, असं बोलून गेले आणि भीतीनं रडायलाच लागले. ताई मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटल्या, आमची उषा उठली म्हणून शेजारीपाजारी सांगून आल्या. पुढं तीस वर्षं त्यांनी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली. भाकरी जाड, फोडणी करपलेली, तेलाला हात आखडता… मीही तोडीस तोड उत्तर द्यायचे. आम्ही तारनाक्याला वेगळं बिऱ्हाड केलं, तरी नाक मुरडायला त्या दर रविवारी यायच्या.

यंदा वॉकर धरून त्या गॅलरीपर्यंत जायला लागल्या, पण ताटात पडेल ते मुकाट्यानं खायच्या. वर "छान झालंय". मी धसकाच घेतला. एक दिवस मुद्दाम अळणी आमटी केली. त्यांनी वाटी संपवली, तोंड पुसलं आणि माझा हात धरला.

"मीठ तू विसरली नाहीस, माहीत आहे मला. पण आता भांडायला नक्को वाटतं गं, उषा… जीवच नाही राहिला."

मी हात सोडवून घेतला आणि ओट्याशी जाऊन रडले. तिथंच त्यांच्याजवळ बसायला हवं होतं.

परवा आंबाड्याची भाजी केली. फार आंबट झाली होती, कुणी अवाक्षर काढलं नाही. शेवटी मीच म्हटलं, आंबट झालीय. घरचे समजूत घालायला लागले, नाही गं, छान झालीय… मला ताई हव्या होत्या.